सुविचार आणि पूर्वपक्ष : साहित्य व इतिहासाच्या वर्गात तत्त्वज्ञांची वचने

महाराष्ट्रातील शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो आणि त्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना व ठळक बातम्या यांच्या ओळीत एक सुविचारही असतो. तो एखादा विद्यार्थी मोठ्याने वाचतो, पुढे तो फळ्याच्या वरच्या बाजूस सुवाच्य अक्षरांत लिहिला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुसला जाईपर्यंत त्याविषयी वर्गात सहसा कोणी काही बोलत नाही. देशोदेशीच्या विचारवंतांची वाक्ये अशा रीतीने वर्षानुवर्षे मुलांच्या नजरेखालून जात असतात. तत्त्वज्ञांची वचने शाळेत आणावीत की नाही हा प्रश्न त्यामुळे मराठी शाळेपुरता तरी शिल्लक राहिलेला नाही, कारण ती तेथे आधीच आलेली आहेत. त्यांच्याकडून कोणते काम करून घ्यायचे हे मात्र ठरलेले नाही, आणि साहित्य व इतिहास हे दोन विषय डोळ्यांपुढे ठेवून त्याचा विचार करणे हे या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे.

सुविचार आणि उद्धरण यांत येथे भेद केला आहे. ज्या वाक्याशी सहमत होणे एवढेच वाचणाऱ्याकडून अपेक्षित असते, ते वाक्य सुविचार म्हणून वापरले जात आहे असे समजावे. जे वाक्य कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या विरोधात म्हटले हे विचारता येते, आणि ज्याला नकार देण्याची मुभा ऐकणाऱ्याला असते, त्याला उद्धरण म्हणावे. एकच वाक्य सकाळी परिपाठात सुविचार असू शकते आणि दुपारच्या तासिकेत उद्धरण होऊ शकते. शालेय मराठीच्या परीक्षेत दीर्घकाळ परिचित असलेला कल्पनाविस्तार हा लेखनप्रकार या दोहोंच्या सीमेवर उभा आहे: त्यात एक वचन दिले जाते व ते फुलवून लिहावयास सांगितले जाते, परंतु ते वचन चूक आहे, अपुरे आहे किंवा काही परिस्थितींतच खरे आहे असे लिहिणारा विद्यार्थी क्वचितच आढळतो, कारण विस्तार या अपेक्षेतच संमती गृहीत धरलेली असते. भाषेचा सराव म्हणून या प्रकाराचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही; विचाराचा सराव म्हणून मात्र तो अर्ध्यावरच थांबतो.

याहून पुढे जाणारी रीत भारतीय शास्त्रपरंपरेला अपरिचित नव्हती. पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ निश्चित करणाऱ्या दर्शनात, विवेचनाच्या एका घटकाला अधिकरण म्हणतात. विचारार्थ घेतलेले वाक्य हा त्याचा विषय, त्या वाक्याविषयी उभी राहणारी शंका हा संशय, आपल्याला अमान्य असलेली परंतु शक्य तितक्या बळकट स्वरूपात मांडलेली बाजू हा पूर्वपक्ष, आणि त्याचे निराकरण करून येणारा निर्णय हा सिद्धान्त होय. वाक्य पवित्र मानलेले असूनही त्यावर संशय घेतल्यावाचून विवेचन सुरूच होत नाही, ही गोष्ट सुविचाराच्या आधुनिक व्यवहाराशी ताडून पाहण्यासारखी आहे. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्य जाणण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणारी ती वितंडा. आजच्या आंतरशालेय वादविवाद स्पर्धांत अनुकूल व प्रतिकूल बाजू चिठ्ठी टाकून वाटल्या जात असल्या, तर त्या नावाने वाद असल्या तरी प्रकृतीने जल्प आहेत, आणि येथे अभिप्रेत असलेली वर्गचर्चा त्यांच्याहून वेगळी आहे हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

मराठीच्या अगदी आरंभीच्या गद्यात या विषयाचा एक असा नमुना आहे की ज्याकडे शिक्षणविषयक लेखनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटाने लीळाचरित्रात एकत्र केल्या. त्या आठवणींत स्वामींचे बोल हे स्थळ, माणसे, विचारलेला प्रश्न आणि कधीकधी त्या दिवसाची भिक्षा किंवा वाटचाल यांच्यासह येतात. त्यानंतर केसोबासाने त्यातील वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला, आणि तेथे ती वचने प्रसंगापासून सुटून, अत्यंत आखूड रूपात, एकापुढे एक मांडली गेली. सूत्र पाठ करायला सोयीचे झाले, पण ते का उच्चारले गेले हे दिसेनासे झाले. म्हणूनच पुढील महानुभाव पंडितांना सूत्राचा प्रसंग सांगणारे प्रकरणवशासारखे लेखन करावे लागले. केसोबासाच्याच दृष्टान्तपाठात सूत्र, त्याला जोडलेली लहानशी गोष्ट म्हणजे दृष्टान्त, आणि त्या गोष्टीचा मूळ सिद्धान्ताशी असलेला संबंध उलगडणारे दार्ष्टान्तिक अशी तीन अंगांची रचना आढळते. वचन प्रसंगातून काढणे, ते स्मरणात ठेवण्याजोगे करणे आणि नंतर त्याला त्याचा प्रसंग परत मिळवून देणे हा सर्व प्रवास एका पंथाच्या वाङ्मयात असा टप्प्याटप्प्याने पाहावयास मिळतो. वर्गातील शिक्षकाला करावयाचे असते ते मुख्यतः तिसरे काम, कारण पहिली दोन कामे सुविचारांच्या पुस्तिकांनी आणि भ्रमणध्वनीवरील सकाळच्या संदेशांनी त्याच्याआधीच उरकलेली असतात.

प्रसंग परत दिल्याने काय घडते याचे उत्तम उदाहरण म्हणजे इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात कोठे ना कोठे आढळणारे जॉर्ज सांतायाना याचे वचन, ज्याचा आशय असा की ज्यांना भूतकाळाचे स्मरण राहत नाही त्यांच्या वाट्याला त्याचीच पुनरावृत्ती येते. माद्रिदमध्ये जन्मलेला आणि हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारा हा लेखक १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात युद्धे किंवा राजवटी यांविषयी बोलत नव्हता. प्रगती ही बदलण्यात नसून टिकवून धरण्यात आहे असा त्याचा मुद्दा होता, आणि अनुभव साठवला नाही तर मनुष्य बाल्यावस्थेतच राहतो हे सांगताना त्याने तथाकथित रानटी समाजांचे उदाहरण दिले होते. मूळ परिच्छेद वर्गात वाचला गेला की चर्चेला एकाच वेळी दोन वाटा फुटतात: स्मरण आणि प्रगती यांचा संबंध ही एक, आणि ज्या समाजांनी आपला अनुभव लिहून न ठेवता ओव्या, वंशावळी व गाणी यांतून जपला त्यांना स्मरणशून्य ठरविण्याचा अधिकार विसाव्या शतकारंभीच्या एका प्राध्यापकाला कोणी दिला ही दुसरी. त्याच्या शेजारी हेगेलचे म्हणणे ठेवावे. इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरील त्याची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १८३७ मध्ये ग्रंथरूपाने निघाली आणि त्यांत त्याने असे प्रतिपादले आहे की राष्ट्रे व शासने इतिहासापासून कधीच काही शिकलेली नाहीत, कारण प्रत्येक काळाची परिस्थिती इतकी विशिष्ट असते की त्याला आपला निर्णय आपल्यापुरताच घ्यावा लागतो. परस्परविरोधी अशी ही दोन वचने समोर आल्यावर विद्यार्थ्याला संमतीच्या आड लपता येत नाही.

साहित्य आणि इतिहास या दोन तासिकांना जोडणारे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत उपयोगी वचन ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राच्या नवव्या प्रकरणात आहे. इतिहासकार घडलेले सांगतो आणि कवी घडू शकेल असे सांगतो, म्हणून काव्य हे इतिहासापेक्षा अधिक तत्त्वज्ञानात्मक व अधिक गंभीर आहे, असा त्याचा आशय. फरक पद्य आणि गद्य यांचा नाही हे स्पष्ट करण्यासाठी हिरोडोटसचा ग्रंथ छंदोबद्ध केला तरी तो इतिहासच राहील, असेही तो सांगतो. मराठीच्या वर्गात या वचनाची परीक्षा पाहण्यासाठी पानिपताइतका समृद्ध विषय दुसरा सापडणे कठीण. १४ जानेवारी १७६१ च्या या लढाईविषयी समकालीन पत्रे आहेत, काशीराजाची फारसी हकीकत आहे, भाऊसाहेबांची बखर आहे, त्र्यं. शं. शेजवलकरांचे चिकित्सक संशोधन आहे आणि १९८८ मध्ये आलेली विश्वास पाटलांची कादंबरीही आहे. बखर हा प्रकार ॲरिस्टॉटलच्या दोन कप्प्यांपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही: ती घडलेले सांगण्याचा दावा करते, पण माणसांच्या तोंडी संवाद घालते, शकुन-अपशकुन नोंदवते आणि प्रसंगाला नाट्याची चढती कमान देते. जानेवारी १७६० मध्ये बुराडीच्या घाटावर जखमी होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्याने शत्रूला दिलेले म्हणून जे बाणेदार उत्तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते, ते नेमके कोणी ऐकले, ऐकणाऱ्यांपैकी जिवंत कोण राहिले आणि ते मराठी छावणीपर्यंत कोणत्या वाटेने आले, हा प्रश्न इतिहासाच्या तासिकेतला आहे. ते उत्तर शब्दशः उच्चारले गेले नसले तरी अडीच शतके ते खरे का वाटत आले, हा प्रश्न साहित्याच्या तासिकेतला आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना पहिला सोडून द्यायचा नाही, हे या ठिकाणी शिक्षकाने कटाक्षाने पाहावे लागते. ॲरिस्टॉटलने काव्याला दिलेला मान हा पुराव्याच्या बाबतीत ढिलाई करण्याचा परवाना म्हणून वापरला गेल्याची उदाहरणे मराठी ऐतिहासिक ललित लेखनात आणि त्यावरील व्याख्यानांत काही कमी नाहीत. त्याच प्रकरणात ॲरिस्टॉटल असेही मान्य करतो की खरोखर घडलेला विषय घेतल्याने कवीचे कवीपण जात नाही, आणि बहुधा न वाचला जाणारा हा भागच ऐतिहासिक कादंबरीच्या चर्चेत अधिक कामाचा ठरतो.

एखाद्या विचारवंताने दुसऱ्याचे वचन कसे वापरावे, हेही वर्गात शिकवता येते, आणि त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले समारोपाचे भाषण हे पाठ्य म्हणून घ्यावे. लोकशाही टिकवायची तर कितीही थोर पुरुष असला तरी आपली स्वातंत्र्ये त्याच्या पायाशी वाहू नयेत, हा इशारा त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलच्या हवाल्याने दिला आणि लगेच तो भारताच्या परिस्थितीला लावून, धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल पण राजकारणात ती अधोगतीकडे व हुकूमशाहीकडे नेते, असा निष्कर्ष काढला. मिलचे मूळ विधान त्याच्या १८६१ सालच्या प्रातिनिधिक शासनावरील ग्रंथात आहे. आता हा मिल कोण, याची चौकशी केली की चर्चेचा रंग पालटतो: १८२३ ते १८५८ या काळात तो लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीस होता, भारताकडे जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे करणे हे त्याचे काम होते, आणि स्वातंत्र्यावरील आपल्या १८५९ च्या निबंधातच त्याने मागासलेल्या समाजांना स्वातंत्र्याचे तत्त्व लागू होत नाही, त्यांच्या सुधारणेच्या हेतूने चालविलेले एकतंत्री शासन समर्थनीय ठरते, असे लिहून ठेवले होते. म्हणजे ज्या लोकांना मिलने आपल्या तत्त्वाच्या कक्षेबाहेर ठेवले, त्यांच्याच प्रौढ मताधिकारावर उभारलेल्या प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावर त्याचे वाक्य उच्चारले गेले, आणि तेही अशा व्यक्तीकडून की जिला त्या वाक्याची ताकद आणि ते लिहिणाऱ्याच्या मर्यादा या दोन्ही ठाऊक नसणे संभवत नाही. वचन त्याच्या कर्त्यापेक्षा मोठे होऊ शकते काय, कर्त्याचा पूर्वग्रह सिद्ध झाला म्हणून वचन टाकून द्यावे काय, आणि वसाहतीतील वाचकाने साम्राज्यातील लेखकाचे वाक्य उचलून त्याच्याच गृहीतकाविरुद्ध फिरवणे याला उसनवारी म्हणावे की जिंकून घेणे, अशा प्रश्नांवर नववी-दहावीतील मुले तासिका संपल्यानंतरही बोलू शकतात. नागरिकशास्त्र, इतिहास आणि भाषा यांच्यात वेळापत्रकाने घातलेली भिंत येथे आपोआप पडते.

साहित्यकृतीच्या बाबतीत वचनाची निवड अधिक जपून करावी लागते, कारण तत्त्वज्ञाचे वाक्य कलाकृतीच्या डोक्यावर तात्पर्यासारखे बसण्याचा धोका असतो. ते कृतीशी झगडणारे असावे. परीक्षण न केलेले आयुष्य माणसाने जगण्याच्या योग्यतेचे नाही, या सॉक्रेटिसच्या बहुपरिचित विधानाचा प्रसंग प्लेटोने दिला आहे: इसवी सन पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने दोषी ठरवल्यानंतर, शिक्षा कोणती द्यावी याविषयी बोलताना, गप्प राहून सुटका करून घेण्याचा पर्याय नाकारीत तो हे म्हणतो. हे विधान विजय तेंडुलकरांच्या १९६७ सालच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या शेजारी ठेवले असता दोन्हीकडचा खटला एकमेकांवर प्रकाश टाकतो. हौशी कलावंतांचा एक संच वेळ घालवण्यासाठी खोटा खटला मांडतो, आरोपीच्या पिंजऱ्यात लीला बेणारे या शिक्षिकेला उभे करतो, आणि बघता बघता तिच्या खाजगी आयुष्याची उलटतपासणी सुरू होते; तपासणी करणाऱ्यांपैकी एकालाही स्वतःकडे पाहण्याची गरज वाटत नाही, आणि जो प्राध्यापक खरा जबाबदार तो रंगमंचावर येतच नाही. परीक्षण कोणी कोणाच्या आयुष्याचे करायचे, आणि दुसऱ्याच्या आयुष्याचे जाहीर परीक्षण हे क्रौर्य केव्हा ठरते, हे प्रश्न सॉक्रेटिसच्या वाक्यात दडलेले आहेत, पण ते दिसण्यासाठी बेणारेबाईंची गरज लागते. वचन नाटक समजावून देते असे म्हणण्यापेक्षा नाटक वचनाची कसोटी घेते असे म्हणणे येथे अधिक यथार्थ होईल. हा पाठ महाविद्यालयीन वर्गासाठीच ठेवावा, हेही ओघाने आले.

महाराष्ट्रात या पद्धतीपुढील खरी अडचण वचनांच्या दुर्मिळतेची नाही, ती आदराची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभी विद्येच्या अभावापासून शूद्रांच्या खचण्यापर्यंत जाणारी जी कारणांची साखळी दिली आहे, ती भित्तिफलकांवर, निमंत्रणपत्रिकांवर आणि भाषणांच्या प्रारंभी इतक्या वेळा येते की ती एक कार्यकारणविषयक विधान आहे याचा विसर पडतो. कार्यकारण सांगणाऱ्या विधानाला पुरावा मागणे हा त्याचा अवमान नसून त्याला गांभीर्याने घेणे आहे. फुल्यांनी स्वतः पुढील प्रकरणांत सारा, कर्ज, कोर्टकचेऱ्या, कालव्याचे पाणी व सरकारी कामगारांचे वर्तन यांचा तपशील देत हेच केले. १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेले दख्खनचे दंगे आणि त्यानंतर १८७९ मध्ये झालेला शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा या पार्श्वभूमीवर तो मजकूर वाचला, तर विद्येच्या अभावामुळे दारिद्र्य आले की दारिद्र्यामुळे विद्येची दारे बंद राहिली, आणि फुले या दोहोंमध्ये जातिव्यवस्थेला कोणत्या जागी ठेवतात, हे प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतात. संतवचनांच्या बाबतीतही असाच संकोच अनुभवास येतो. येथे शिक्षकाला वर्गातील मुलांची घरे, जाती व श्रद्धा यांचे भान ठेवावे लागते, आणि कोणत्याही एका मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून उत्तर देण्यास भाग पाडले जाणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते. परंतु या भानाचा अर्थ मौन असा घेतला गेला, तर सर्वांत जिवंत विचारवंतच सर्वांत निर्जीव सुविचार होऊन बसतात.

अन्य देशांतील प्रयोगांची माहिती येथे थोडक्यात पुरेशी आहे. फ्रान्समध्ये माध्यमिक शिक्षणाच्या अखेरच्या परीक्षेत तत्त्वज्ञानाची चार तासांची लेखी परीक्षा असते आणि तिच्यातील एका पर्यायात एखाद्या तत्त्वज्ञाचा उतारा देऊन तो उलगडून दाखवण्यास सांगितले जाते. त्या तत्त्वज्ञाचे सिद्धान्त आधीपासून ठाऊक असण्याची अट नसते, उताऱ्यातील प्रश्न त्या उताऱ्याच्याच आधारे ओळखता आला पाहिजे एवढीच अपेक्षा असते. अमेरिकेत मॅथ्यू लिपमन याने १९७० च्या दशकात मुलांसाठी तत्त्वज्ञानाचा जो उपक्रम उभारला, त्याचा आधार वचने नव्हती, मुलांसाठी मुद्दाम लिहिलेल्या कथा होत्या. त्यातील घेण्याजोगा भाग असा की वाचनानंतर प्रश्न मुले विचारतात, ते त्यांच्या नावांसह फळ्यावर लिहिले जातात आणि चर्चा त्या प्रश्नांवर होते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या तासिकेत यातील काय साधेल याचा हिशेब प्रत्येक शाळेने आपापला करावा. वचन आदल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवणे, प्रत्येकाने घरून एक हरकत लिहून आणणे आणि तासिकेत त्यांतील दोन-तीनच हरकती घेऊन पाठ्यपुस्तकातील ओळींच्या आधाराने त्या तपासणे, एवढे बहुतेक ठिकाणी शक्य असावे. शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे काय, याविषयी मतभेद आहेत. पहिल्या काही वेळा ते राखून ठेवावे आणि विद्यार्थी शिक्षकाला विरोध करण्यास धजावू लागल्यावर ते मोकळेपणाने सांगावे, हा मध्यम मार्ग व्यवहार्य दिसतो.

वचन खरोखर ज्याच्या नावावर आहे त्याचे आहे काय, ही तपासणी चर्चेचा भाग म्हणूनच व्हावी. तुमचे म्हणणे मला पटत नसले तरी ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी प्राण वेचीन, अशा आशयाचे वाक्य व्हॉल्तेअरच्या नावाने जगभर फिरते. ते त्याने लिहिलेले नाही, एव्हलिन बिअट्रिस हॉल या चरित्रलेखिकेने १९०६ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याच्या वृत्तीचे सार म्हणून ते योजले होते. मूळ ग्रंथ, प्रकरण आणि साल यांचा शोध घेणे ही इतिहासाच्या साधनचिकित्सेची, म्हणजे साधन अस्सल आहे की नाही आणि ते किती विश्वसनीय आहे हे ठरवण्याच्या शास्त्राची, पहिली पायरी आहे, आणि ती शिकवण्यासाठी ताम्रपट किंवा मोडी कागद हाताशी असलेच पाहिजेत असे नाही. भ्रमणध्वनीवर सकाळी आलेला, खाली थोर पुरुषाचे नाव छापलेला एक संदेशही त्यासाठी पुरतो.

राहता राहिला गुणदानाचा प्रश्न, आणि तो गौण नाही, कारण आपल्याकडे ज्याला गुण नाहीत ते फार काळ शिकवले जात नाही. चर्चेतील बोलण्याला गुण दिले तर बोलकी मुले पुढे जातात व लाजरी मागे राहतात. अंतिम मताला गुण दिले तर सुविचार मागल्या दाराने परत येतो. त्याऐवजी चर्चेपूर्वी लिहिलेली हरकत आणि चर्चेनंतर त्याच विषयावर लिहिलेला परिच्छेद असे दोन कागद एकत्र तपासावेत, आणि मत बदलले की नाही हे न पाहता विद्यार्थ्याने पूर्वपक्ष किती प्रामाणिकपणे मांडला व पाठ्यातील कोणत्या ओळीच्या आधारे त्याला उत्तर दिले एवढेच पाहावे. अंतर्गत मूल्यमापनासाठी शाळांच्या हाती जे गुण असतात, त्यांत हे बसवता येते. बोर्डाच्या लेखी परीक्षेत ते बसवायचे झाल्यास प्रथम कल्पनाविस्ताराच्या प्रश्नाखाली ‘सहमत नसल्यास कारणे द्या’ अशी एक सूचना छापावी लागेल, आणि त्यासाठी उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना नमुना उत्तरांची वेगळी तयारी करून द्यावी लागेल.